चेंडूतली लोकर

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते एवढंच, दळणाच्या डब्यावरची चिठ्ठी आणि माहेरी धाडायची कार्डं. ऱ्हस्व आणि दीर्घ मी आजही अंदाजानं ठेवते. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी मागितलेली बरी. उद्या रद्दीवाल्याच्या हाती पडलं तर त्यानं तरी हसू नये.

वही ह्यांची आहे. बेसबॉलचे गुण मांडायची. पुढची पानं भरलेली, मागची कोरी. पानभर बारीक चौकटी छापलेल्या आहेत, त्यामुळं माझी ओळ मध्येच वर चढते, मध्येच खाली उतरते. दोष हाताचा आहेच, पण थोडा चौकटींचाही धरावा.

लिहायला बसले त्याचं कारण असं. गेल्या आठवड्यात एक मास्तर ह्यांची मुलाखत घ्यायला आले होते. शाळेची स्मरणिका निघणार आहे म्हणे. ह्यांनी तासभर सगळं सांगितलं. गिरणीच्या संघात कसे खेळले, गुडघा कसा गेला, लातूरच्या पोरींना चेंडू मारायला कसं शिकवलं. मी आत चहा गाळत ऐकत होते. लोकरीचा विषय जवळ आला की हे खोकायचे आणि तिथून पुढं सरकायचे. शेवटी मास्तरांनी आत डोकावून विचारलं, "वहिनी, तुम्हाला काही सांगायचं हाय का?" मी मान हलवली. कुठल्या बाजूनं हलवली ते मलाही कळलं नाही. मास्तरांनी 'नाही' समजून वही मिटली.

म्हणून ते इथं लिहिते.

ह्यांचं स्थळ आलं तेव्हा हे नांदेडच्या एका गिरणीत होते. हजेरीपटावर नाव रंगखात्यात, पण रंगाला ह्यांचं बोट कधी लागलं नव्हतं. गिरणीच्या एका मोठ्या साहेबाला बेसबॉलचं वेड. त्यानं संघ काढला आणि खेळणारे पगारावर ठेवले. हिमायतनगरला आमच्या ओसरीवर ह्यांचे मामा बोलणी करायला बसले, तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा करतो काय?"

"चेंडू मारतो."

"अन् मग?"

"मग पळतो."

"कुठं पळतो?"

"मैदानाला चार कोपरे असतात. ते शिवून परत जागेवर येतो."

वडील सुपारी कातरता कातरता थांबले. "जागेवरच यायचं तर निघायचं कशाला?"

"त्याचा पगार देतात," मामा म्हणाले.

"म्हैन्याच्या म्हैन्याला?"

"हाव. बोनस वेगळा."

"मग पळू द्या," वडील म्हणाले, आणि माझं लग्न ठरलं.

हे खेळायचे फार चांगलं, असं सगळे म्हणतात. मी एकदाच बघायला गेले, तेसुद्धा कुंपणाच्या मागं, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. ह्यांनी बॅट उचलली, लोक ओरडायला लागले, तशी मला लाज वाटली आणि मी खाली बघितलं. वर बघेपर्यंत हे पळून परत जागेवर आले होते. घरी आल्यावर म्हणाले, "पाहिलास का? लिंबावरून गेला." मी म्हणाले, "लई लांब गेला." लिंब कुठला तेही मला माहीत नव्हतं.

पुढं ह्यांचा गुडघा गेला, साहेबाची बदली झाली आणि संघ मोडला. तेव्हा गिरणीनं ह्यांना खरोखरच रंगखात्यात पाठवलं. चार दिवस हे कोपरापर्यंत निळे होऊन घरी येत होते. पाचव्या दिवशी गेलेच नाहीत. माझ्या दिरांकडं मुदखेडला जाऊन राहायचं असं ठरत होतं. जाऊबाईंनी निरोपही पाठवला होता, "या की. कोपऱ्यातली खोली देऊ. म्हशीचं बघायला कुणी न्हाईच." म्हणजे मी म्हशीचं बघायचं आणि ह्यांनी काय करायचं ते त्या सांगत नव्हत्या.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा नवीन झाला. नवीन जिल्ह्याला सगळंच नवीन लागत होतं, पाट्या, शिक्के, खुर्च्या, आणि संघसुद्धा. खेळाच्या कचेरीतले एक साहेब ह्यांना ओळखत होते. ते म्हणाले, बाकीच्या जिल्ह्यांकडं मुलींचा बेसबॉलचा संघ आहे, तर आपल्याकडंही पाहिजे. तुम्ही या आणि पोरींना मारायला शिकवा. एका हंगामाचं मानधन देतो. थंडीत नांदेडला विभागाची स्पर्धा आहे, तिथं पोरींनी नाव राखलं तर पुढं ठेवतो. नाहीतर माझाही इलाज नाही.

म्हणजे काय, तर थंडीपर्यंत लातूर, आणि पोरींना मारता आलं नाही तर मुदखेड, म्हैस आणि जाऊबाई.

आम्ही गेलो तेव्हा लातुरात पाऊस पडला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही नीट पडला नव्हता. टँकर आला की गल्ली धावायची. पण त्या दुष्काळानं आम्हाला एक गोष्ट दिली, ती म्हणजे मैदान. गावाबाहेरचं तळं आटून पाटासारखं सपाट झालं होतं. ह्यांनी त्यात राखेनं रेघा आखल्या आणि पोरी गोळा केल्या. कुणी औशाची, कुणी उदगीरची, सगळ्या लातुरात शिकायला राहिलेल्या. टँकर असला की सगळ्या उशिरा यायच्या आणि आल्या की धापा टाकायच्या. त्यांत जळकोटची एक डावरी होती. हडकुळी, तोंडानं भारी फटकळ. पहिल्या दिवशी ह्यांना म्हणाली, "सर, उजव्या हातानं शिकवायचं तर दुसरी बघा. मी भाकरी बी डाव्यानंच थापते."

कचेरीकडं अजून पैसा आला नव्हता. म्हणून ह्यांनी नांदेडच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून बारा चेंडू उधार आणले. दुकानदार आप्पा म्हणजे कपाळाला भस्म, बोलणं गोड आणि हिशेबाला पक्के. ते म्हणाले, "वापरातल्या चेंडूंचे पैसे तुमची कचेरी देईल तेव्हा द्या. उरलेले जसेच्या तसे परत आणा. पण चेंडू चेंडूच राहिला पाहिजे बरं का." हे वाक्य त्यांनी उगीच म्हटलं असावं. मला मात्र ते पुढं फार आठवलं.

तळ्याची माती भेगाळलेली, भेगांच्या कडा विटेसारख्या टणक. आठवड्यात एक चेंडू फुटला. हे तो घरी घेऊन आले. "शिवून देतीस का? तुझा गोधडीचा टाका बारीक हाय."

मी चामडं उसवलं. आत बघते तर लोकर! बुचाचा एवढासा गोळा, आणि त्याच्यावर लोकरीचा धागा गुंडाळलेला. करडा, थोडा पांढरा. मी ओढत गेले, ओढत गेले, तर धागा संपेना. दारातून निघाला आणि शेजारच्या खालांच्या ओट्याला जाऊन पोचला. आमच्या शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. खाला गाद्या भरायच्या. त्या धाग्याकडं बघून म्हणाल्या, "अगे मां! इत्ता ऊन? और ये लोगां इसकू लकडी से मारते?"

मलाही तेच वाटलं. इतकी चांगली लोकर चामड्यात कोंडून तिला लाकडानं बडवायचं, हे काही माझ्या मनाला पटेना. चेंडू आतून कुणाला दिसतो? गोधडीत आपण काय भरतो ते कुणी बघतं का? वरून टाके नीट असले म्हणजे झालं. मी लोकर बाजूला ठेवली, बुचाचा गोळा मधोमध ठेवला, त्याच्याभोवती जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या आणि चामडं शिवायला घेतलं. खालांनी बोटानं दाबून बघितलं. "ऐसा ढीला नक्को. दबा दबा के भर. गादी बैठ जाती." मग दोघींनी मिळून ठासून भरला. टाके मोजून बघितले, जितके होते तितकेच घातले. बघून ह्यांनाही ओळखू आला नाही. "वा!" म्हणाले. मला फार बरं वाटलं. हे सहसा 'वा' म्हणत नाहीत.

त्या लोकरीची मी सासूबाईंना कानटोपी विणून पाठवली.

दुसरा चेंडू थोडा उसवला होता. तिसराही थोडा. चौथा मात्र, खरं लिहायचं तर, मी उसवला. पाचवा आणि सहावाही. थंडी सुरू झाली होती, पहाटे तळ्यात वारा असा यायचा की हे कुडकुडत उभे राहायचे, आणि ह्यांच्याकडं स्वेटर नव्हता. पाच चेंडूंत बिनबाह्यांचा एक स्वेटर बसला. करडा, छातीवर एक पांढरा पट्टा, कारण एका चेंडूतली लोकर सगळी पांढरी निघाली. लोकर कुठली म्हणून ह्यांनी विचारलं नाही. बाजारातून आणली असेल असं समजले. रोज तो घालून मैदानावर जायचे आणि पोरींना सांगायचे, "आमच्या घरी विणला."

तेव्हापासून पोरींचं मारणं बसलं.

हे घरी आले की ताटावर बसून भाकरी मोडायची आणि तशीच ठेवायची. "काय व्हायलंय कळंना. गेल्या महिन्यात पोरी धडाधडा मारत होत्या. आता एक चेंडू जातो, तर एक बॅटला लागून समोरच बसतो." मग ह्यांनी शिकवणंच बदललं. कोपर वर घ्या. टाच उचला. हातानं नको, कमरेतून मारा, घागर टँकरखालून ओढून घेता तशा फिरा. तरी चेंडू बसायचाच. तेव्हा ह्यांनी पोरींना घरून मुसळ आणायला लावलं. सकाळी शंभर वेळा मुसळ फिरवायचं आणि मगच बॅट. दोन दिवसांत पोरींच्या आया तळ्यावर आल्या. "सर, पोरगी नेली तर नेली, मुसळ द्या. मिरच्या कशानं कुटू?" तेव्हा मुसळं सकाळी आणायची आणि लगेच परत न्यायची असं ठरलं.

डावरी म्हणायची, "सर, हे बेसबॉल हाय का लगीनघर?"

एकदा हे दोन चेंडू घरी घेऊन आले. एक उचलून शहाबादी फरशीवर टाकला. टक्क वाजला आणि उडाला. दुसरा टाकला. भद्द वाजला आणि जेवून बसल्यासारखा बसला.

"दिसलं का?" हे म्हणाले.

मला दिसलं. त्या घटकेला सगळं एकदम दिसलं. बसलेला चेंडू माझा होता. पोरींचं काही चुकत नव्हतं आणि ह्यांचंही नाही. चुकत होते ते मी आणि खाला.

"दुष्काळाची हवा कोरडी," हे म्हणाले. "चेंडू आतून मरून राहिले."

मी सांगणार होते. पाणी द्यायच्या निमित्तानं दोनदा पुढं गेले. पण ह्यांच्या अंगात तोच स्वेटर होता. हे त्या पांढऱ्या पट्ट्यावर हात फिरवत विचार करत होते. मी तांब्या ठेवून परत आत गेले. लोकर परत भरावी म्हटलं तर स्वेटर उसवावा लागला असता, आणि हे तो आंघोळीपुरताच काढायचे. तेव्हा आंघोळही रोजची नव्हती.

अशात स्पर्धा आली. मुलींच्या संघाबरोबर एक बाईमाणूस पाहिजे असा नियम होता. दुसरं कुणी मिळेना, म्हणून मलाच नेलं. माझं काम एवढंच, सामानाच्या पिशवीवर बसायचं आणि पोरी मोजायच्या. मला ते काम फार आवडलं, कारण त्यात बोलायचं नव्हतं. पिशवीत आमचे बारा चेंडू होते. म्हटलं, इथं खेळायला आयोजकांचे नवे चेंडू आहेत, आपले बाहेर निघणारच नाहीत.

सामना सुरू झाला. नवे चेंडू आयोजकांनी आप्पांच्याच दुकानातून आणले होते, सगळे मिळून चार. डावरी पहिली गेली. दीड महिना तिनं मुसळ फिरवलं होतं आणि चिंध्यांचा गोळा हाणला होता. आता समोरून खरा चेंडू आला. ती कमरेतून फिरली. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चेंडू गेला तो भिंतीपलीकडच्या बाभळीत. बाभळी एवढ्या दाट की त्यांत शेळीसुद्धा शिरली नसती. डावरी पळायचं सोडून बॅटकडं बघत उभी राहिली. हे ओरडले, "पळ की गं!"

दुसरीनं मारला, तोही बाभळीत. तिसरीनं मारलेला बाजूच्या विहिरीत पडला. विहीर कोरडी होती. चेंडू तळाशी पांढराशुभ्र दिसत होता, पण उतरणार कोण? मग सगळ्या होऊन परत डावरीची पाळी आली आणि चौथाही गेला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कचेरीतले साहेब खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, झालं, मुदखेडची म्हैस टळली.

तेवढ्यात पंच आमच्याकडं आले. "चेंडू संपले. दुकानातून येईपर्यंत तुमचे काढा. बाई, जरा पिशवीवरून उठा."

मी उठले नाही.

"बाई, उठा."

हे म्हणाले, "अगं, ऊठ की."

त्या पिशवीतला एक चेंडू जरी समोरच्या संघाला मारायला मिळाला आणि भद्दकन बसला असता, तर सगळं मैदान म्हणालं असतं, लातूरच्या मास्तरानं लबाडी केली. ह्यांचं नाव गेलं असतं, तेही मी शिवलेल्या टाक्यांनी. दोन्ही संघ माझ्याकडं बघत होते. एवढी माणसं माझ्याकडं माझ्या लग्नातही बघत नव्हती. मी पदर घट्ट धरला आणि म्हणाले, "ह्या चेंडूंत चिंध्या हायत."

"काय?" पंचांना ऐकू गेलं नाही. परत म्हणावं लागलं, मोठ्यानं.

"चिंध्या हायत. सहांत. सहा चांगले हायत. पण कोणते ते आता मलाबी सांगता येत न्हाई. शिवण सारखीच हाय."

पंचांनी एक एक चेंडू काढून जमिनीवर टाकून बघितला. टक्क, भद्द, भद्द, टक्क. मोजून सहा निघाले. शेवटी पंचांनी एक हातात दाबत विचारलं, "मग ह्यांतली लोकर गेली कुठं?"

मी फक्त ह्यांच्या छातीकडं बघितलं. मग एक पोरगी बघायला लागली, मग दुसरी. पंच बघायला लागले, साहेब बघायला लागले. शेवटी ह्यांनी स्वतःच मान खाली घालून स्वेटरकडं बघितलं.

"अगं बाई!" डावरी ओरडली. "सर, तुमी चेंडू घालून फिरून राहिले!"

मैदान हसायला लागलं ते थांबेना. समोरच्या संघाच्या पोरी तर खाली बसल्या. नेमके त्याच वेळी आप्पा सायकल रिक्षातून नवे चेंडू घेऊन आले. हसायचं कारण त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी एक चेंडू तळहातावर तोलला, नुसता तोलला, आणि पिशवीत परत टाकला. ते एकटेच हसले नाहीत.

"आम्ही उधार दिले ते चेंडू होते, बाई. गोधडी न्हवती."

साहेब म्हणाले की कचेरी सहांचेच पैसे देईल, चिंध्यांचे देता येणार नाहीत. हे म्हणाले, "उरलेल्यांचे मी देतो." त्यावर मी नाही म्हणाले. ह्यांना मी पहिल्यांदाच नाही म्हणाले. "मी देईन," म्हटलं. आप्पांनी खिशातल्या कागदावर लिहिलं, सहा चेंडू, एकशे बत्तीस रुपये. मी कुठून देणार ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं, कारण मलाही माहीत नव्हतं.

तो सामना पोरी जिंकल्या. दुसऱ्या दिवशीचा हरल्या, पण बाभळीत आणखी तीन चेंडू घालून. साहेबांनी ह्यांना पुढच्या वर्षाला ठेवलं. फक्त कागदावर सही करताना म्हणाले, "सामान मात्र तुमच्याच हाती ठेवा."

परतीच्या एसटीत हे खिडकीतून बाहेर बघत राहिले. लोहा गेलं, अहमदपूर आलं, गाडी चहाला थांबली. बशीत चहा ओतत ह्यांनी विचारलं, "बुचाचा गोळा तरी आत ठेवलास का?"

"हाव."

"बरं केलंस." बशी संपली. मग म्हणाले, "लातूरला गेल्यावर आणखी पाच-सात करून दे तसले. लई कामाचे हायत."

ह्यांच्यामुळं अशा चेंडूंवर सराव करायचं नांदेडलाही माहीत झालं. दुसरे शिकवणारे आप्पांकडं विचारायला लागले, ते लातूरचे मुके चेंडू मिळतील का? तेव्हा आप्पांनी निरोप पाठवला. फुटक्या चेंडूंचं चामडं आणि बूच त्यांचं, चिंध्या माझ्या. चेंडूमागं दोन रुपये उधारीतून कमी करायचे. खाली एक ओळ होती, 'आतली लोकर वजन करून परत पाठवावी.'

म्हणजे सहासष्ट चेंडू. खाला दाबून बघायच्या, मी शिवायची. लुगड्याच्या चिंध्या संपल्या तेव्हा खालांनी जुन्या गाद्यांची खोळ दिली. पाऊस आला, तळं भरलं, ह्यांचं मैदान पाण्याखाली गेलं आणि दुसरं मिळालं, तरी माझे चेंडू चालूच होते. दुसऱ्या उन्हाळ्यात शेवटचे चार झाले, ते द्यायला आम्ही दोघं नांदेडला गेलो. एवढ्या उन्हात ह्यांनी स्वेटर घातला होता. म्हटलं काढा, तर म्हणाले, "आप्पांना एकदा नीट बघू दे की."

आप्पांनी चेंडू एक एक करून फळीवर टाकले. भद्द, भद्द, भद्द, भद्द. मग पुढं वाकून स्वेटरची कड दोन बोटांत धरली आणि चोळून बघितली. "माल आमचा चांगला होता," म्हणाले, आणि कागदावर आडवी रेघ मारली.

मी जायला वळले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"आप्पा, पावती?"

आप्पांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. मग फळीवरचं पुस्तक ओढलं आणि माझ्या नावानं लिहिलं, एकशे बत्तीस रुपये, पूर्ण मिळाले.